हिशोबात चंद्र मावतो, कॅमेऱ्यात मावत नाही: फील्ड ऑफ व्ह्यूचा आकडा नेमका कुठे चुकतो

हिवाळा लागला, आकाश स्वच्छ झालं की हा प्रॉब्लेम ठरलेला. कुणीतरी १३० मिमीचा न्यूटोनियन (आरशाचा टेलिस्कोप) घेतलेला असतो, ६५० मिमी फोकल लेंथचा, त्याला ग्रह-चंद्राचे फोटो काढायचा एक छोटा यूएसबी प्लॅनेटरी कॅमेरा लावायचा असतो, आधी कागदावर हिशोब होतो, हिशोब सांगतो की चंद्र आरामात बसेल आणि बाजूला जागाही उरेल, आणि प्रत्यक्षात लॅपटॉपवर बघावं तर चंद्राच्या कडा फ्रेमच्या बाहेर. मग शंका सुरू होतात, कॅमेरा खराब आलाय का, टेलिस्कोपवर फोकल लेंथ चुकीची छापलीय का, फोकस नीट लागला नाही म्हणून मोठं दिसतंय का. बहुतेक वेळा कॅमेराही ठीक असतो आणि टेलिस्कोपही. हिशोबात घातलेल्या दोन आकड्यांपैकी एक चुकीचा असतो, आणि कुठला ते शोधता येतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

फील्ड ऑफ व्ह्यूचा, म्हणजे फ्रेममध्ये आकाशाचा किती भाग मावतो त्याचा, फॉर्म्युला छोटाच आहे. सेन्सरची बाजू मिमीमध्ये घ्या, तिला ५७.३ ने गुणा, फोकल लेंथने भागा, उत्तर अंशात येतं. ५७.३ च्या जागी ३४३८ घेतलं की उत्तर थेट आर्कमिनिटात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. लांबीसाठी एकदा, रुंदीसाठी एकदा, बस. काही ठिकाणी याच्याऐवजी टॅन इनव्हर्सवाला लांबलचक फॉर्म्युला दिलेला असतो आणि लोकांना वाटतं आपलं उत्तर त्यामुळे चुकलं, पण टेलिस्कोपच्या फोकल लेंथला दोघांचं उत्तर एकच येतं. ५० मिमीच्या कॅमेरा लेन्सवर फुल फ्रेम बॉडी (३६ मिमी रुंद सेन्सरची) असेल तर फरक दिसतो, साधा फॉर्म्युला ४१.३ अंश सांगतो आणि खरं उत्तर ३९.६, तेव्हा आकाशगंगेचे वाइड फोटो काढणाऱ्यांनी टॅनवालाच वापरावा, बाकीच्यांनी तिकडे लक्ष देऊ नये.

म्हणजे चूक फॉर्म्युल्यात नाही. ती एकतर सेन्सरच्या मापात आहे नाहीतर फोकल लेंथमध्ये.

आधी सेन्सर बघा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं १/३ इंच. माणूस सरळ २५.४ ला ३ ने भागतो, ८.४७ मिमी आले, ६५० वर हिशोब केला की ४४.८ आर्कमिनिट, चंद्र साधारण ३१ चा, मग बसणारच की! पण हा इंच सेन्सरचा नाहीच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांमध्ये व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असायची, तिचा बाहेरचा व्यास इंचात सांगायचे, आणि एक इंची नळीत चित्र उमटायचा भाग फक्त १६ मिमी कर्णाचा असायचा. नळ्या गेल्या, ती मोजायची पद्धत राहिली. त्यामुळे आजही १ इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा असतो, कर्ण जेमतेम १६. आणि १/३ इंचीचा कर्ण साधारण ६ मिमी, बाजू ४.८ × ३.६ च्या आसपास. म्हणजे वरच्या हिशोबात मापही चुकीचं घेतलं आणि शिवाय ते माप बाजूचं धरलं, जे खरं तर कर्णाचं असतं. दोन चुका एकावर एक.

इंच विसरा. कॅमेऱ्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये दोन गोष्टी हमखास दिलेल्या असतात, किती बाय किती पिक्सेल आणि एक पिक्सेल किती मायक्रॉनचा. पिक्सेल गुणिले मायक्रॉन भागिले १००० म्हणजे बाजू मिमीमध्ये. यात घोळ व्हायला जागाच नाही. सोनीचा आयएमएक्स २२४ घ्या, कितीतरी जणांचा पहिला प्लॅनेटरी कॅमेरा याच चिपचा असतो, १३०४ × ९७६ पिक्सेल, ३.७५ मायक्रॉन. १३०४ × ३.७५ = ४८९०, म्हणजे ४.८९ मिमी, तसंच दुसरी बाजू ३.६६ मिमी. आता ६५० वर हिशोब करा: २५.९ × १९.४ आर्कमिनिट. चंद्र पृथ्वीपासून लांब असताना २९.४ चा दिसतो आणि जवळ असताना ३३.५ चा, म्हणजे कुठल्याही दिवशी तो या फ्रेममध्ये अख्खा बसणार नाही. कॅमेरा बरोबर, टेलिस्कोप बरोबर, अपेक्षा चुकीच्या आकड्यावर बांधलेली.

तोच हिशोब इतर चिपना लावून बघा म्हणजे अंदाज येईल. आयएमएक्स ४६२ मध्ये १९३६ × १०९६ पिक्सेल, २.९ मायक्रॉनचे, म्हणजे ५.६ × ३.२ मिमी. पिक्सेल जास्त म्हणून फ्रेम मोठी असं वाटतं पण उभी बाजू २२४ पेक्षाही लहान आहे! आयएमएक्स ५८५ ३८४० × २१६० चा, पिक्सेल तेवढेच २.९, तो ११.१ × ६.३ मिमी होतो, ६५० वर ५९ × ३३ आर्कमिनिट, म्हणजे चंद्र बहुतेक दिवशी बसेल पण वरखाली जागा अगदी काठावर आणि जवळ आलेल्या पौर्णिमेला कडा कापली जाईल. चौकोनी आयएमएक्स ५३३ ११.३ × ११.३ मिमीचा आहे, चंद्रासाठी मस्त.

मग २२४ वाल्याने काय करायचं? सरळ मार्ग म्हणजे चार फ्रेमचं मोझेक, दोन आडव्या दोन उभ्या, मध्ये साधारण २० टक्के ओव्हरलॅप ठेवून. १९.४ च्या दोन फ्रेम ओव्हरलॅप वजा करून ३५ च्या आसपास जातात, म्हणजे सगळ्यात मोठा चंद्रसुद्धा येतो, फक्त मधे आणायला जरा निगुतीने हलवावं लागतं. उलट बाजूने विचार करायचा तर ३४३८ गुणिले सेन्सरची लहान बाजू भागिले हवे तेवढे आर्कमिनिट, उत्तर म्हणजे चालेल ती जास्तीत जास्त फोकल लेंथ. चंद्राला मोकळी जागा धरून ३६ आर्कमिनिट हवेत असं म्हटलं तर या चिपला ३५० मिमीच्या वर जाता येत नाही. हा उलटा हिशोब कॅमेरा विकत घ्यायच्या आधी करा, पैसे वाचतात.

डीएसएलआरवाल्यांचा घोळ वेगळा. त्यांचं सेन्सरचं माप सहसा बरोबर असतं, कॅननच्या एपीएस-सी बॉडीत २२.३ × १४.९ मिमी, पण डोक्यात क्रॉप फॅक्टर बसलेला असतो, म्हणजे फुल फ्रेमच्या मानाने सेन्सर किती पट लहान तो आकडा, इथे १.६. मग ६५० ला १.६ ने गुणून १०४० करतात आणि त्या १०४० ने २२.३ ला भागतात, उत्तर १.२३ अंश. इथे क्रॉप दोनदा लागला, एकदा फोकल लेंथमध्ये आणि एकदा लहान सेन्सर घेऊन. टेलिस्कोपची फोकल लेंथ मागे कुठलाही कॅमेरा लावला तरी ६५० च राहते. २२.३ घ्यायचा असेल तर ६५० बरोबर, नाहीतर ३६ घ्या आणि १०४०, दोन्हीकडून १.९७ च्या आसपास येतं. खरं फील्ड १.९७ × १.३१ अंश. कृत्तिकेचे मुख्य तारे एका अंशात येतात, म्हणजे ते या फ्रेममध्ये सुंदर बसतात, चुकीच्या हिशोबाने मात्र उगाच कोंबल्यासारखे वाटतात आणि लोक वेगळा टेलिस्कोप शोधायला लागतात. देवयानी दीर्घिकेचा विषय वेगळा, ती जवळपास तीन अंश पसरलेली आहे, या सेटअपला पूर्ण येणारच नाही, बाजूला थोडी जागा धरून त्यासाठी याच बॉडीवर ३६५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी फोकल लेंथ लागते.

डीएसएलआरवर व्हिडिओ काढत असाल तर अजून एक बघा, काही बॉडी काही व्हिडिओ मोडमध्ये सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. फोटोत चंद्र बसतो आणि व्हिडिओत बसत नाही, हे त्याचं लक्षण.

असाच प्रकार प्लॅनेटरी कॅमेऱ्यात आरओआयने होतो, म्हणजे सेन्सरचा निवडलेला तुकडाच वापरण्याच्या सेटिंगने. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या कॅमेरा चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गुरूसाठी कधीतरी ६४० × ४८० निवडलेलं असतं, फ्रेम रेट वाढतो म्हणून, आणि ते सेटिंग तसंच राहून जातं. मग २२४ च्या चिपचा वापरात असलेला भाग २.४ × १.८ मिमी उरतो आणि ६५० वर फील्ड १२.७ × ९.५ आर्कमिनिट. मापात निम्मं आलं की आधी आरओआय बघायचं. बिनिंगचं (शेजारचे पिक्सेल एकत्र करून एक धरण्याचं) मात्र उलट आहे, २ × २ बिनिंगला प्रत्येक बाजूची पिक्सेलची संख्या अर्धी होते पण प्रत्येक पिक्सेल दुप्पट मोठा धरला जातो, फील्ड तेवढंच राहतं. हे दोन एकमेकांत मिसळू नका.

आता फोकल लेंथ. टेलिस्कोपवर १३०/६५० असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा आरशाचा व्यास, दुसरा फोकल लेंथ, आणि सॉफ्टवेअरमध्ये घाईत पहिला टाकणारे खूप आहेत. एफ/५ तेवढं माहीत असेल तर व्यास गुणिले ५. आखूड नळीच्या १२७/१००० किंवा ११४/१००० टाइपच्या टेलिस्कोपना बघून काही जण म्हणतात, नळी तर अर्ध्या मीटरची, फोकल लेंथ १००० कशी असेल, आणि ५०० धरतात. त्यात फोकसरच्या आत एक लेन्स बसवलेली असते जी फोकल लेंथ वाढवते, म्हणून हिशोबाला १००० च घ्यायचे.

खरी डोकेदुखी बार्लो (फोकल लेंथ वाढवणारी लेन्स) आणि रिड्यूसरची (ती कमी करणारी), आणि इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. बार्लोवर २एक्स लिहिलंय म्हणजे तो कायम २एक्स देतो हा समज पक्का बसलेला आहे. बार्लोचं गुणन त्याच्या लेन्सपासून सेन्सर किती लांब आहे यावर ठरतं: १ अधिक, ते अंतर भागिले बार्लोच्या लेन्सची स्वतःची फोकल लेंथ. समजा ती १०० मिमी आहे. सेन्सर १०० मिमी मागे असला तर २एक्स. मध्ये फिल्टर व्हील आलं, एक एक्स्टेन्शन ट्यूब आली, अंतर १५० झालं, की २.५एक्स. कॅमेऱ्याचं नोजपीस (पुढची आत सरकणारी नळी) खोल आत गेलं आणि अंतर ८० झालं तर १.८. लिहिलेला आकडा आयपीस (डोळ्याने बघायचं भिंग) लावून बघण्यासाठी असतो, कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच जागी येईल याची काहीच खात्री नाही.

रिड्यूसरचं सूत्र तसंच, फक्त अधिकच्या जागी उणे. १०० मिमीचा रिड्यूसर सेन्सरपासून ५० मिमीवर असला तर ०.५, आणि थेट नोजपीसवर घट्ट बसवून अंतर ३० झालं तर ०.७. म्हणजे ६५० चे ३२५ होतील असं धरलेलं असतं आणि होतात ४५५, चंद्र परत कापला जातो. मध्ये स्पेसर घालून अंतर वाढवायचं. पण न्यूटोनियनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, रिड्यूसर लावला की फोकस आत सरकतो, फोकसर पूर्ण आत नेला तरी फोकस लागत नाही असं बऱ्याच नळ्यांत होतं, तेव्हा विकत घेण्याआधी कॅमेरा नुसता लावून फोकस लागल्यावर आत अजून किती प्रवास शिल्लक आहे ते पट्टीने मोजा. बार्लोला ही अडचण नाही, तो फोकस बाहेर नेतो.

श्मिट-कॅसग्रेनमध्ये (आखूड, जाड नळीचा आरशाचा टेलिस्कोप) अजून एक पदर आहे. तिथे फोकस करताना मुख्य आरसाच पुढे-मागे होतो, त्यामुळे मागे डायगोनल, फ्लिप मिरर वगैरे लावून सेन्सर लांब गेला की टेलिस्कोपची फोकल लेंथच वाढते. आठ इंची सेलेस्ट्रॉनची छापील फोकल लेंथ २०३२, ०.६३ चा रिड्यूसर लावल्यावर १२८०, पण हा १२८० तेव्हाच जेव्हा सेन्सर रिड्यूसरपासून साधारण १०५ मिमीवर असतो. अंतर बदललं की आकडा बदलला.

म्हणून बार्लो किंवा रिड्यूसर असेल तेव्हा हिशोबावर विसंबू नका, आकाशावर मोजा. अजिबात खर्च नाही.

पहिली पद्धत ताऱ्याला फ्रेममधून वाहू द्यायची. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा एका सेकंदाला १५.०४ आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) सरकतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यातला उगवताना सगळ्यात आधी वर येणारा मिंटाका, तो विषुववृत्ताच्या जवळजवळ वरच आहे. ट्रॅकिंग बंद करा, कॅमेरा फोकसरमध्ये हळूहळू फिरवून तारा फ्रेमच्या लांब बाजूला समांतर सरकेल असं करा, आता तारा फ्रेमच्या बाहेर ठेवा आणि एका कडेने आत शिरल्यापासून दुसऱ्या कडेने गायब होईपर्यंत मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. दोन-तीनदा करून सरासरी घ्या. सेकंद गुणिले १५.०४ भागिले ६०, हे तुमचं खरं फील्ड आर्कमिनिटात. २२४ ची चिप नुसत्या ६५० वर असेल तर १०३ सेकंद लागायला हवेत. १२०० फोकल लेंथच्या आठ इंची डॉबवर (डॉब्सोनियन, साध्या फिरत्या बैठकीवरचा टेलिस्कोप) ५६ सेकंद, आणि डॉबला ट्रॅकिंग नसल्यामुळे ही पद्धत तिथे सगळ्यात सोपी पडते.

बार्लोचं उदाहरण घेऊ. ६५० वर २एक्स बार्लो, म्हणजे १३०० धरले, फील्ड १२.९ आर्कमिनिट, तारा ५२ सेकंदात जायला हवा. प्रत्यक्षात समजा ४१ सेकंदात गेला. ४१ × १५.०४ = ६१७ आर्कसेकंद, म्हणजे १०.३ आर्कमिनिट. आता फॉर्म्युला उलटा फिरवा, ३४३८ × ४.८९ भागिले १०.३, साधारण १६३०. ६५० ने भागलं की २.५. बार्लो २एक्स देत नाहीये, २.५एक्स देतोय, आणि आता हा आकडा तुमच्या या जोडणीसाठी पक्का, कॅमेऱ्याच्या डबीवर लिहून ठेवा. मधला कुठलाही तुकडा बदलला तर परत मोजा.

मृग नसेल तेव्हा दुसरा तारा चालतो, फक्त उत्तराला त्याच्या क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासून तो किती अंश दूर आहे त्याच्या) कोसाइनने गुणायचं. एप्रिल-मेमध्ये चित्रा घ्या, तिथे गुणक ०.९८. श्रवणला ०.९९. जसजसं ध्रुवाकडे जाल तसा तारा हळू सरकतो, म्हणून उत्तरेकडचे तारे या कामाला घेऊ नका.

उत्तरेकडच्यासाठी दुसरी पद्धत आहे. सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांपासून ११.८ आर्कमिनिटावर आहेत, म्हणजे ७०८ आर्कसेकंद. दोघांचा एक फोटो काढा, दोघांचे पिक्सेल कोऑर्डिनेट बघा, आडवा फरक आणि उभा फरक यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या, आणि ७०८ ला त्या पिक्सेलनी भागा. मिळाले आर्कसेकंद प्रति पिक्सेल. मग २०६.२६५ गुणिले पिक्सेलचे मायक्रॉन भागिले हा आकडा म्हणजे खरी फोकल लेंथ. ६५० वर ३.७५ मायक्रॉनला १.१९ आर्कसेकंद प्रति पिक्सेल येतात, म्हणजे या दोघांत ५९५ च्या आसपास पिक्सेल सापडायला हवेत. फोकल लेंथ खूप जास्त असेल आणि दोघं एका फ्रेममध्ये येत नसतील तर वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे, त्याचे दोन घटक १४.४ आर्कसेकंदावर आहेत, ते वापरा, अचूकपणा थोडा कमी मिळेल पण बार्लो २ देतो का २.५ एवढं नक्की कळेल. चंद्र मोजपट्टी म्हणून वापरायचा मोह टाळा, त्याचा आकार महिन्याभरात चौदा टक्क्यांपर्यंत बदलतो, त्या रात्रीचा नेमका व्यास बघितल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नका.

मोबाइल आयपीसला लावून फोटो काढणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॅग्निफिकेशन गुणिले मोबाइलची ३५ मिमी इक्विव्हॅलंट फोकल लेंथ, आणि सेन्सर म्हणून ३६ मिमी. ६५० ला २५ मिमीचा आयपीस म्हणजे २६ पट, मोबाइल २६ मिमी इक्विव्हॅलंटचा असेल तर ६७६, फील्ड ३ अंशाच्या वर. पण डोळ्याला ५० अंशांचं वर्तुळ दाखवणारा आयपीस २६ पटीला फक्त १.९ अंश दाखवतो, त्यामुळे फोटोत मधोमध गोल दिसतो आणि भोवती काळं. मोबाइल बिघडलेला नाही, आयपीसची हद्द संपली आहे. फुल फ्रेम कॅमेरा सव्वा इंची फोकसरला लावल्यावर कोपरे काळे पडतात तेही हद्दीचंच प्रकरण, ४३ मिमी कर्णाचा सेन्सर त्या नळीतून पूर्ण उजळणं शक्यच नाही, हिशोबाने आलेलं फील्ड तिथे कागदावरच राहतं.

शेवटचं प्लेट सॉल्व्हिंग (फोटोतले तारे ओळखून टेलिस्कोप नेमका कुठे रोखलाय ते काढणं), कारण चुकीच्या फील्डचा सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. त्यासाठीचं अ‍ॅस्टॅप हे सॉफ्टवेअर फ्रेमच्या उंचीचे अंश मागतं, रुंदीचे नाही, आणि कर्णाचेही नाही. आपल्या ६५० आणि २२४ ला तिथे ०.३२ जायला हवं. सॉल्व्ह फेल झालं की लोक एक्सपोजर वाढवत बसतात, आधी हा आकडा तपासा. फोकल लेंथच माहीत नसेल तर अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर ताऱ्यांचा एक फोटो अपलोड करा, ते आकडा न देताही सोडवतं आणि पिक्सेल स्केल सांगतं, त्यावरून वरच्या २०६.२६५ च्या सूत्राने फोकल लेंथ काढा. फोटो मात्र मूळ साइझचा हवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला किंवा रिसाइझ केलेला असेल तर स्केल बदललेला असतो आणि फोकल लेंथ भलतीच येते. चंद्राचा किंवा गुरूचा फोटो टाकून उपयोग नाही, तारे लागतात. बिनिंग करून फिट्स (खगोल फोटोंचा फाइल प्रकार) फाइल सेव्ह केली असेल तर तिच्या हेडरमधला, म्हणजे सुरुवातीच्या माहितीतला, पिक्सेल साइझ बघा, काही सॉफ्टवेअर तिथे बिन केलेला साइझ लिहितात आणि काही मूळ, दोनदा गुणलं गेलं की फील्ड दुप्पट धरलं जातं आणि सॉल्व्ह होत नाही. हे सगळं बरोबर असूनही ०.३२ अंशाच्या छोट्या फ्रेमला अ‍ॅस्टॅप अडत असेल तर त्याचा जास्त ताऱ्यांचा डेटाबेस डाउनलोड करा, मोठ्या फील्डसाठी असलेल्या डेटाबेसमध्ये एवढ्याशा तुकड्यात जुळवायला पुरेसे तारे नसतात.